चाकणच्या ट्रायम्फची किंमत

जुलै २०२३ मध्ये ट्रायम्फ स्पीड ४०० भारतात दाखल झाली, तेव्हा गाडीपेक्षा जास्त चर्चा झाली ती आकड्याची. एक्स-शोरूम २ लाख ३३ हजार रुपये आणि पहिल्या दहा हजार ग्राहकांना त्यातही दहा हजारांची सवलत! तोवर ट्रायम्फ घ्यायची म्हणजे कितीतरी लाखांची तयारी ठेवावी लागे. ही गाडी मात्र पुण्याशेजारी चाकणला, बजाज ऑटोच्या कारखान्यात तयार होते.

ट्रायम्फ हे इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचे जुने घराणे. ते बुडाले तेव्हा, १९८३ मध्ये, जॉन ब्लूर या बांधकाम व्यावसायिकाने कंपनीचे नाव आणि हक्क विकत घेतले आणि पुढे हिंक्लीला नवा कारखाना उभारला. १९५९ ची गाजलेली बॉनेव्हिल २००१ मध्ये जुन्याच रूपात परतली. तिच्या पुढच्या मॉडेलांत कार्ब्युरेटर जाऊन इंधन इंजेक्शन आले, तरी बाहेरून ते कार्ब्युरेटरसारखेच दिसेल अशी योजना होती. जुने रूप सांभाळून आत नवे यंत्र बसवण्याचा सराव या कंपनीला तेव्हापासूनचा आहे. बजाजशी तिचा करार जानेवारी २०२० मध्ये झाला.

रेट्रो गाडीचा भाव ठरवायचा असेल, तर कोणता भाग दिसण्यासाठी आहे आणि कोणता कामाचा, हे आधी वेगळे करावे लागते. स्पीड ४०० च्या इंजिनासमोर जरा खाली वाकून पाहावे. इंजिनावर जुन्या गाड्यांसारख्या पत्र्या, म्हणजे फिन, आहेत. जुन्या गाडीत अंगावर वारा घेऊन इंजिन थंड ठेवायचे काम याच पत्र्या करत. इथे पुढच्या चाकामागे रेडिएटर आहे आणि उष्णता वाहून नेण्याची मुख्य जबाबदारी कूलंटवर आहे. पत्र्या उरल्या आहेत त्या मुख्यतः शोभेला. त्यात फसवणूक काही नाही. पण त्या शोभेसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

पैसे मोजायचे ते आतल्या ३९८ सीसी इंजिनासाठी. ते ४० पीएस ताकद आणि ३७.५ न्यूटन मीटर टॉर्क देते. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० ची ताकद याच्या जवळपास निम्मी, म्हणजे २० च्या आसपास आहे. वजनही क्लासिकचे १९५ किलो, तर स्पीडचे १७६. द्रुतगती महामार्गावर दुचाकीला बंदी असल्यामुळे पुण्या-मुंबईचा स्वार जुन्या रस्त्याने खंडाळ्याचा घाट चढतो. मागे माणूस बसलेला असताना तिथे ट्रक ओलांडायचा असेल, तर हा फरक हाताला लगेच जाणवतो.

पण आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. क्लासिकचा २७ न्यूटन मीटर टॉर्क ४,००० आरपीएमलाच पूर्ण हाती येतो, तर स्पीडचा ६,५०० ला. सिंहगड रोडवर संध्याकाळी सातला गाडी सहा हजारांवर कोण फिरवणार? रोज ऑफिसला जाणाऱ्यासाठी कागदावरची कमजोर गाडी जास्त सुखाची ठरू शकते. बुलेटच्या धडधडीवर जीव असलेल्या माणसाला तर स्पीडचा आवाज भुलवणारच नाही.

खरी कसोटी ट्रायम्फ कंपनीनेच हाती दिली. सप्टेंबर २०२४ मध्ये तिने स्पीड टी४ आणली, किंमत २ लाख १७ हजार. त्याच वेळी सुधारित स्पीड ४०० होती २ लाख ४० हजारांना. इंजिन तेवढ्याच सीसीचे, चेहराही तोच, फरक २३ हजारांचा. त्या २३ हजारांत पुढे उलटे फोर्क मिळतात, ट्रॅक्शन कंट्रोल मिळते आणि टी४ च्या ३१ ऐवजी ४० पीएस मिळतात. पावसाळी घाटात ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर मागचे चाक सटकू पाहते तेव्हा ट्रॅक्शन कंट्रोल तिथल्या तिथे ताकद कमी करते. एवढ्या एका गोष्टीसाठीही हे पैसे जास्त वाटत नाहीत. मात्र त्याच वर्षाअखेर टी४ दोन लाखांच्या आत उतरली आणि हिशेब बराच अवघड झाला.

पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून करही बदलला. ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यावरच्यांवर तो ४० टक्के झाला. क्लासिक अलीकडे राहिली, स्पीड पलीकडे गेली. म्हणून शोरूममध्ये जुन्या परीक्षणातली किंमत धरून बसू नये. त्या दिवसाचा ऑन-रोड भाव लेखी मागावा, विम्याची रक्कम वेगळी मांडून घ्यावी, आपल्या गावाजवळ सर्व्हिस सेंटर कुठे आहे हे विचारावे. मोठ्या सर्व्हिसिंगमधले अंतर १६,००० किलोमीटर ही स्पीडची जमेची बाजू आहे, पण ते सेंटर शंभर किलोमीटरवर असेल तर तिचा उपयोग थोडाच.

घाट आणि महामार्ग हाच ज्याचा रस्ता आहे, त्याने स्पीड ४०० घ्यावी. शहराबाहेर क्वचित पडणाऱ्याने टी४ किंवा एखादी ३५० पाहावी आणि उरलेल्या पैशांतून चांगले हेल्मेट घ्यावे.