एका पेजवर तीन टायमर, तिघेही आपापल्या चालीने

ऑटोप्ले मीडिया स्टुडिओच्या व्हिडिओत आपण दुकानातल्या स्क्रीनसाठी एक टायमर लावला होता. आज तीन लावूया. मालाचे फोटो दर ५ सेकंदांनी बदलायचे, कोपऱ्यातलं घड्याळ दर सेकंदाला पुढे सरकायचं, आणि ६० सेकंद कुणी हात लावला नाही तर स्क्रीन परत पहिल्या पेजवर यायची.

इथे मी स्वतः आपटलोय. प्रदर्शनातल्या एका स्टॉलचं काम होतं. सगळी मोजणी मी एकाच टायमरवर टाकली होती. ग्राहकाने फोटो मोठा केला की फोटो फिरायचे थांबावेत म्हणून तो टायमर बंद केला. घड्याळ थांबलं, पहिल्या पेजवर परतणंही थांबलं. दुपारभर स्क्रीनवर एकच मिक्सर!

खरं तर उपाय साधा आहे. पेज डॉट स्टार्टटायमर ही आज्ञा दोन आकडे घेते: किती मिलिसेकंदांनी वाजायचं आणि टायमरचा नंबर. फोटोंना ५००० आणि नंबर १०, घड्याळाला १००० आणि २०, परतीला ६०००० आणि ३०. (शून्यं मोजा बरं का. ५ एवढंच लिहिलंत तर फोटो नुसते थरथरतील.)

पण पेजला ऑन टायमर हा इव्हेंट एकच असतो. तिन्ही टायमर त्याच दारावर येऊन बेल वाजवतात. कोण आलंय ते ई-अंडरस्कोर-आयडी या व्हेरिएबलमध्ये कळतं. म्हणून तिथे इफ लावायचा: १० असेल तर फोटो बदल, २० असेल तर वेळ लिही, ३० असेल तर पहिलं पेज उघड. आता पेज डॉट स्टॉपटायमरला १० दिलं की फक्त फोटो थांबतात.

परतीच्या टायमरला मात्र जपा. ग्राहकाने कुठलंही बटण दाबलं की ३० नंबर थांबवून लगेच पुन्हा सुरू करायचा, म्हणजे मोजणी पहिल्यापासून. हे राहिलं तर माणूस किंमत वाचत असताना पेज पळतं आणि गिऱ्हाईकही. या दोन ओळींचं ग्लोबल फंक्शन करून ठेवा, प्रत्येक बटणातून तेच बोलवा.

टायमर त्या त्या पेजचे असतात, त्यामुळे नव्या पेजच्या ऑन शोमध्ये ते पुन्हा सुरू करा.

आणि "ऑफर संपायला इतकी मिनिटं" असं दाखवायचं असेल, तर दर ठोक्याला एक वजा करत बसू नका. व्हिडिओ चालू असताना ठोके उशिरा पडतात. सुरुवातीची वेळ नोंदवून ठेवा आणि दर वेळी आत्ताच्या वेळेतून ती वजा करा.