भरपाई खात्यात आली, कर कुणावर?

सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला पूर आला आणि माढा, मोहोळ, करमाळ्यातली उभी शिवारं पाण्यात गेली. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पंचनामा झाला का, ई-केवायसी केली का, मदतीसाठीचा व्हीके नंबर (विशिष्ट क्रमांक) आला का, अशी विचारपूस गावोगाव सुरू झाली. पैसे खात्यात पडल्यावर पुढचा प्रश्न येतोच: यावर टॅक्स बसेल का?

सरकारने दिलेल्या पैशावर बसत नाही.

1961 च्या आयकर कायद्यात 2007 साली कलम 10(10बीसी) आलं. केंद्र सरकार, राज्य सरकार किंवा स्थानिक स्वराज्य संस्था आपत्तीबद्दल व्यक्तीला किंवा तिच्या वारसाला जी भरपाई देते, ती या कलमाने करमुक्त केली. 2025 च्या नव्या कायद्यातही ही सूट कायम आहे. मृताच्या वारसांचे 4 लाख त्यात येतात, दगावलेल्या दुभत्या जनावराचे 37,500 रुपयेही येतात. शिवाय शेतीचं उत्पन्न मुळातच करमुक्त, त्यामुळे शेतकऱ्याने घाबरायचं कारण नाही.

अडचण दुकानदाराची आहे. समजा, नातेपुत्यात पंढरपूर रस्त्यालगतच्या खताच्या दुकानात ओढ्याचं पाणी शिरलं आणि युरियाच्या गोण्या विरघळल्या. सरकारी मदत 50 हजारांपर्यंत, ती करमुक्त. विमा कंपनीने मालापोटी दिलेली रक्कम मात्र धंद्याच्या उत्पन्नात धरली जाते. हेच नुकसान वह्यांत दाखवून त्याने आधीच वजावट घेतली असेल, तर तेवढ्यापुरती सरकारी भरपाईही करपात्र ठरते. एकाच नुकसानीचा फायदा दोनदा घेता येऊ नये, हे रास्तच आहे.

पण दुकान दोन भावांच्या भागीदारी फर्मच्या नावावर असेल तर? सूट व्यक्तीला आणि वारसाला आहे, फर्मला नाही. गोण्या तेवढ्याच भिजल्या, चिखल तेवढाच उपसावा लागला, तरी फर्म सवलतीबाहेर. हे अन्यायाचं आहे आणि दुरुस्त व्हायला हवं.

पैसे देणारा कोण, यावरही बरंच ठरतं. कॅलिफोर्नियातल्या 2018 च्या वणव्यानंतर त्याला जबाबदार ठरलेल्या वीज कंपनीशी झालेल्या तडजोडीतून लोकांना भरपाई मिळाली. ती करमुक्त करायला अमेरिकेला डिसेंबर 2024 मध्ये वेगळा कायदा करावा लागला. आपल्याकडची आपत्तीची सूट खासगी कंपनीच्या पैशाला लागू नाही. जवळच्या नातेवाइकांनी दिलेली मदत करमुक्त असते, आयकर खात्याकडे नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थेचीही. नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणी काढून वर्षात 50 हजारांहून जास्त दिले, तर मात्र अख्खी रक्कम उत्पन्नात मोजली जाते. म्हणून पंचनाम्याची प्रत, मदतीच्या यादीतलं नाव आणि पासबुकातली नोंद एकत्र जपून ठेवावी. नोटीस आली तर पैसे कुणी दिले, हे त्यावरूनच दाखवता येतं.