पेढीवरची गादी आणि मोटारीतली गादी

व्यापारी घरात गादीचा मान काही वेगळाच असतो. चोपडा आणि तिजोरी यांच्याइतकीच पांढऱ्या शुभ्र खोळीची गादी आणि तिला टेकलेला लोड ही पेढीची ओळख होय. गिऱ्हाईक येवो, अडत्या येवो, की परगावचा पाहुणा. त्याला 'या, बसा' म्हणण्याची ती जागा. १९५० च्या दशकातील एखाद्या अमेरिकन सेडान मोटारीचे दार उघडले, तर आपल्या माणसाला प्रथम याच गादीची आठवण व्हावी. आत जे दिसते ते वाहन कमी आणि बैठक अधिक.

पुढचे आसन या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. गिअरचा दांडा जमिनीवर नसून स्टिअरिंगच्या खांबाला जोडलेला, त्यामुळे चालकाशेजारी दोघे सहज मावतात. मागे तिघे, आणि मांडीवरची मुले वेगळीच. समोरचा डॅशबोर्ड पत्र्याचा, पण बाहेरच्या रंगाशी मेळ साधणारा. त्यावर क्रोमच्या चकचकीत पट्ट्या, रेडिओची जाळी, घड्याळ. स्टिअरिंगच्या आत हॉर्नचे चंदेरी कडे. आणि आसनांचे कापड तर पाहत राहावे असे: दोन-दोन रंगांचे, नक्षीचे, कधी मधूनमधून धातूचा चमकता धागा विणलेले. आपल्या शालूत जर चमकावी तसा हा धागा आसनात चमकतो.

एवढ्या थाटाचे मन ओढून घेणे स्वाभाविक आहे. ही ओढ नेमकी कशाची आहे, आणि हिशेबी माणसाने तिच्याकडे कसे पाहावे, हा प्रश्न मात्र विचार करण्याजोगा आहे. या गाड्या आपल्यापर्यंत पोहोचवण्यात आपल्याच शेजारच्या एका जैन व्यापारी कुटुंबातील पुरुषाचा मोठा वाटा होता, म्हणून तर तो अधिकच आपला प्रश्न आहे.

सप्टेंबर १९४८ पर्यंत धाराशिव जिल्हा निजामाच्या राज्यात होता. सोलापूर आणि बार्शी मात्र ब्रिटिश मुलखात. तरी व्यापार सीमा जुमानत नसे. सोलापूर-हैदराबाद हमरस्ता तेव्हाही नळदुर्ग आणि उमरग्यावरून जात असे, आणि बार्शी लाइट रेल्वेची अडीच फूट रुंदीची चिमुकली गाडी येडशी, ढोकी, मुरूड करत १९११ पासून लातूरपर्यंत धावू लागली होती. याच बार्शी लाइट रेल्वेच्या कामातून सोलापूरच्या एका तरुणाची कंत्राटदारी सुरू झाली. त्याचे नाव वालचंद हिराचंद दोशी.

२३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मलेल्या वालचंदांच्या घरी कापूस आणि सावकारी हा परंपरेचा व्यवसाय होता. त्यात त्यांचे मन रमले नाही. लक्ष्मणराव फाटक या भागीदाराबरोबर त्यांनी रेल्वेची कामे घेतली, पुढे जहाजे, साखर, विमाने अशा एकाहून एक अवघड क्षेत्रांत पाऊल टाकले. १९३९ मध्ये ते मोटारीच्या कारखान्याचा विचार घेऊन अमेरिकेत गेले. फोर्डशी झालेले बोलणे फळाला आले नाही. क्रायस्लर कंपनीशी मात्र जमले. महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने या योजनेला साथ दिली नाही. तरीही १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली, आणि मार्च १९४७ मध्ये, स्वातंत्र्यापूर्वी पाच महिने, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली.

अमेरिकन गाड्या येथे जोडण्याचे काम याआधीही होत होते. जनरल मोटर्सने १९२८ मध्येच मुंबईत शिवडी येथे असा कारखाना घातला होता. पण तो परक्यांचा होता. वालचंदांचा आग्रह होता तो भारतीय मालकीचा आणि आज जोडणी करता करता उद्या सुटे भागही येथेच घडवण्याचा. गादीवर भाळून मोटार विकत घेणारे तेव्हा पुष्कळ होते. वालचंदांनी गादीखालचा सांगाडा पाहिला.

आता गादीकडे वळू. मोटारीचा अंतर्भाग एवढा सजवण्याची कल्पना आली कोठून? १९२० च्या दशकात अमेरिकेत मोटार घेऊ शकणाऱ्या बहुतेकांकडे मोटार आलेली होती. मग नवी कोणाला विकायची? जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी उत्तर शोधले: गाडीचे रूप दरवर्षी थोडे बदलायचे, म्हणजे कालची गाडी चालत असूनही जुनी वाटू लागेल. १९२७ मध्ये त्यांनी रूप आणि रंग यांसाठी स्वतंत्र विभाग काढला आणि तो हार्ली अर्ल या कल्पक माणसाच्या हाती दिला. १९४३ मध्ये, युद्धामुळे पॅरिस सोडून अमेरिकेत आलेल्या हेलेन रोदर यांना याच कंपनीने अंतर्भागाच्या रचनेसाठी नेमले. पुरुषांच्या या व्यवसायात कापड, रंग आणि आसन यांचा विचार एका स्त्रीकडे सोपवला गेला, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

कापडाचा व्यापार करणाऱ्यांना यातले मर्म सांगायला नको. आपल्या जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथून साधे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जात असे, असे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात नोंदलेले आहे. दुकानदार माल कसा उलगडून दाखवतो यावर निम्मी विक्री ठरते, हे तगरच्या व्यापाऱ्यालाही ठाऊक असणार. अमेरिकन मोटार कंपन्यांनी तेच केले, फक्त लोखंडावर.

कुर्ल्यात जोडल्या गेलेल्या गाड्यांचेच उदाहरण घ्या. प्लायमाउथ, डॉज किंग्सवे आणि डिसोटो डिप्लोमॅट ही तीन नावे. लोक त्यांची तुलना करत, एकीला दुसरीहून सरस ठरवत. वास्तविक निर्यातीसाठी काढलेल्या डॉज किंग्सवे आणि डिसोटो डिप्लोमॅट या दोन्ही गाड्या मुळात प्लायमाउथच होत्या. सांगाडा तोच, साडेतीन लिटरांच्या आसपासचे सहा सिलिंडरांचे दणकट इंजिनही त्याच घराण्यातले. वेगळी होती ती समोरची जाळी, नावाची पट्टी आणि सजावट. एकाच ताग्याचे तीन तुकडे तीन वेगळ्या काठांनी विकावेत, तसा हा प्रकार. यात फसवणूक नव्हती, कारण तिन्ही गाड्या खरोखरच मजबूत होत्या. परंतु आपण किंमत कशाची मोजतो आहोत, हे ग्राहकाला कळलेले बरे.

थाटाला मर्यादा राहिली नाही, की काय होते याचीही उदाहरणे याच इतिहासात आहेत. १९५५ मध्ये डॉज कंपनीने अमेरिकेत केवळ स्त्रियांसाठी म्हणून 'ला फाम' नावाची दोन दारांची गाडी काढली. रंग गुलाबी, आसनांवर गुलाबाच्या कळ्यांचे कापड, आणि पुढच्या आसनांच्या पाठीमागे खास कप्प्यांत त्याच रंगसंगतीची छत्री, रेनकोट व हातपिशवी. स्त्रियांनी तिच्याकडे पाठ फिरवली. दोनच वर्षांत ती बंद झाली. १९५६ मध्ये क्रायस्लरने गाडीत ध्वनिमुद्रिका वाजवण्याचे यंत्र बसवले. डॅशबोर्डखालच्या तबकडीवर, धावत्या गाडीत, गाणे लागत असे. तेही फार टिकले नाही. १९७२ मध्ये ओल्ड्समोबाइल या नावाला ७५ वर्षे झाली, म्हणून मखमलीच्या उशा रचल्यासारख्या आसनांची आणि टिफनी या प्रसिद्ध जवाहिऱ्याच्या नावाचे घड्याळ असलेली 'रिजन्सी' गाडी निघाली. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेलाचा पुरवठा रोखला, आणि पेट्रोल पिणाऱ्या या मखमली दिवाणखान्यांचे दिवस फिरले.

भारतात ते आधीच फिरले होते. केवळ जोडणी करणाऱ्यांना येथे जागा नाही, भाग येथेच बनवण्याचा कार्यक्रम हवा, असे धोरण १९५३ मध्ये ठरले. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये मुंबईचा कारखाना बंद केला. वालचंदांचे निधन ८ एप्रिल १९५३ रोजी झाले होते. पण भाग येथेच घडवण्याचा त्यांचा आग्रह आता देशाचे धोरण झाला. प्रीमियरही हळूहळू लहान, काटकसरी फियाटकडे वळली. मोठ्या अमेरिकन गाड्या मुंबईत टॅक्सी म्हणून राबू लागल्या. पेट्रोल परवडेना तेव्हा अनेकांनी मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसवले. जरीच्या धाग्याचे कापड फाटले, त्यावर साधे रेक्झिन चढले. थाट गेला, सांगाडा मात्र पुढे कित्येक वर्षे ओझे वाहत राहिला.

आज अशी एखादी गाडी एखाद्या जुन्या वखारीत, ताडपत्रीखाली उभी असू शकते. ज्या कुटुंबापुढे हा प्रश्न आहे, त्यांनी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट नोंदणीची. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये नियमांत बदल करून पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हिंटेज' हा स्वतंत्र वर्ग केला. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, फेरनोंदणीस ५,००० रुपये शुल्क. नोंदणी दहा वर्षांसाठी. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. अट अशी, की चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे डिझेल इंजिन बसवलेल्या गाडीची येथे अडचण होते. शिवाय अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या कामाला किंवा कुंथलगिरीच्या यात्रेला ती नेण्याचा विचार मनात असेल, तर या नोंदणीखाली तो सोडावा लागेल.

दुसरी गोष्ट अंतर्भागाची. दुरुस्ती करणारे उत्साहाने सारे जुने कापड काढून नवे चकचकीत आवरण घालतात. तसे करू नये. मूळ कापड जीर्ण असले तरी त्याचा तुकडा, शिवणीची पद्धत, बटणे जपून ठेवावीत. नक्षीची छायाचित्रे घ्यावीत. इंजिनाचे भाग शोधून मिळू शकतात, सत्तर वर्षांपूर्वीची वीण पुन्हा मिळत नाही. गाडी असेल तेथे धान्य आणि सरकीची पोती ठेवू नयेत, म्हणजे उंदीर तेथे फिरकणार नाहीत आणि आपल्या हातून त्यांची हिंसाही घडणार नाही.

तिसरी गोष्ट आपल्या घरांना विशेष महत्त्वाची. त्या काळच्या उंची इंग्रजी गाड्यांत चामड्याची आसने असत. प्लायमाउथ-डॉजच्या दर्जाच्या अमेरिकन गाड्यांत बहुधा कापड आणि व्हिनाइल वापरलेले असे. महागड्या अमेरिकन गाड्यांत मात्र चामडेही मिळे. गाडी घेताना वा दुरुस्तीस देताना आसन कशाचे आहे आणि नवे कशाचे घालणार, हे आधी विचारून घ्यावे.

राहता राहिला ठेवण्या-न ठेवण्याचा प्रश्न. परिग्रहाचे परिमाण ठरवणाऱ्या घरात असली वस्तू बसते का, असे कोणी तरुण विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे. कुटुंबाला ती जपायची असेल, तर तिच्यासाठी जागा, वेळ आणि खर्च यांची मर्यादा आधी ठरवून मग जपावी. तेवढी ताकद नसेल, तर ती जाणत्या हाती सोपवावी. अहमदाबादजवळ कठवाडा येथे शंभराहून अधिक जुन्या मोटारींचे संग्रहालय आहे, तेथे जाऊन नीट जपलेली गाडी कशी असते हे एकदा पाहून यावे. परंतु विकायचीही नाही आणि सांभाळायचीही नाही, अशा अवस्थेत तिला वखारीत कुजू देणे हा मात्र निव्वळ मोह आहे. त्यात ना वस्तूचे भले, ना घराचे.

निर्णय घेण्यापूर्वी एक करावे. एखाद्या सुटीच्या दिवशी ताडपत्री काढून चारही दारे उघडावीत आणि घरातल्या आजोबा-आजींना मागच्या आसनावर बसवावे. नातवंडांनी पुढे बसावे. इंजिन सुरू होण्याची काही आवश्यकता नाही. त्या सलग गादीवर तीन पिढ्या दाटीवाटीने बसल्या, की ही गाडी माणसांना का आवडली असेल, हे कोणाला समजावून सांगावे लागणार नाही. मग चोपडा उघडावा आणि खर्चाचा आकडा मांडावा.