आकाशाची वाटणी आणि राखण

मुळशी धरणाच्या वरच्या आकाशातून दिवसरात्र विमाने जातात. काही मुंबईत उतरायला निघालेली असतात, काही मुंबईहून दक्षिणेकडे, तर काही पुण्याच्या लोहगाव विमानतळावर ये-जा करणारी. हे आकाश खालून मोकळे दिसते, पण त्याची वाटणी झालेली असते. नियंत्रित आकाशातले प्रत्येक विमान कोणत्याही क्षणी एकाच नियंत्रकाच्या जबाबदारीत असते. ही जबाबदारी कधी सुटू नये आणि एकाच वेळी दोघांकडे असू नये, यासाठीच हवाई वाहतूक नियंत्रणाची सारी मांडणी आहे.

या मांडणीचा पाया 1944 च्या शिकागो करारात आहे. त्या करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना उभी राहिली. जगाचे आकाश, अगदी महासागरांवरचेही, तिच्यामार्फत ‘उड्डाण माहिती क्षेत्रां’मध्ये वाटले गेले आहे. भारताकडे अशी चार क्षेत्रे आहेत : दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई. गुवाहाटी हे उपक्षेत्र आहे. एकूण व्याप सुमारे 28 लाख चौरस सागरी मैलांचा असून त्यातला निम्म्याहून अधिक भाग समुद्रावर आहे. मुळशी आणि पुणे मुंबई क्षेत्रात येतात. हे क्षेत्र अरबी समुद्रावर दूरवर पसरले असून कराची, मस्कत, मोगादिशू, सेशेल्स आणि माले यांच्या क्षेत्रांना जाऊन भिडते.

नियम करणारा आणि सेवा देणारा हे दोन घटक वेगळे आहेत. नियम व देखरेख नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे असते. प्रत्यक्ष सेवा 1 एप्रिल 1995 रोजी स्थापन झालेले भारतीय विमानतळ प्राधिकरण देते. मुंबईचा विमानतळ खासगी कंपनी चालवते, तरी तिथले नियंत्रक प्राधिकरणाचेच असतात. लोहगावची गोष्ट वेगळी आहे. तो ब्रिटिश काळापासूनचा लष्करी तळ आहे. प्रवाशांचे टर्मिनल प्राधिकरणाचे, पण धावपट्टी आणि नियंत्रण भारतीय हवाई दलाचे. गोव्यातल्या दाबोळीला हेच काम नौदल करते.

पुण्याहून दिल्लीला निघालेल्या विमानाच्या प्रवासात नियंत्रणाचे टप्पे स्पष्ट दिसतात. धावपट्टीवर येणे आणि उड्डाण करणे टॉवरच्या परवानगीने होते. टॉवरवरचा नियंत्रक काचेतून धावपट्टी डोळ्यांनी पाहत असतो. विमान वर चढू लागले की ते समीपवर्ती नियंत्रणाकडे जाते. आसपास उतरणारी आणि चढणारी विमाने रडारच्या पडद्यावर पाहून त्यांचा क्रम लावणे हे त्याचे काम. पुढे उंचीवर गेलेले विमान मुंबईचे क्षेत्र नियंत्रण सांभाळते आणि सीमेवर दिल्लीच्या हवाली करते. प्रत्येक हस्तांतराच्या वेळी वैमानिक रेडिओची वारंवारता बदलतो. नियंत्रकाची महत्त्वाची सूचना त्याला शब्दशः परत म्हणून दाखवावी लागते, म्हणजे ऐकण्यातली चूक तिथेच पकडली जाते.

नियंत्रकाचे मूळ काम विमानांमध्ये अंतर राखण्याचे. उभे अंतर साधारण 1,000 फूट असते. 29,000 फुटांच्या वर ते पूर्वी 2,000 फूट होते. उंची मोजणारी साधने अचूक झाल्यावर 2003 मध्ये तिथेही ते 1,000 फुटांवर आणले गेले. रडारखाली आडवे अंतर मार्गावर साधारण 5 सागरी मैल, तर विमानतळाजवळ 3 मैल असते. खोल समुद्रावर जमिनीवरचे रडार पोहोचत नाही. तिथे उपग्रहामार्फत येणाऱ्या स्थितीवर विसंबावे लागते आणि अंतर बरेच वाढवावे लागते.

हे 1,000 फूट मोडले की काय होते, ते 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातल्या चरखी दादरीजवळ दिसले. सौदी अरेबियाचे विमान दिल्लीहून वर चढत होते आणि कझाकस्तानचे विमान खाली येत होते. कझाकस्तानच्या विमानाने नेमून दिलेली उंची सोडली आणि दोन्ही विमाने धडकली. 349 जण मृत्युमुखी पडले. आकाशाचा बराच भाग लष्कराकडे राखीव असल्याने येण्याजाण्याचा मार्ग एकच होता. त्यानंतर येण्याचा आणि जाण्याचा मार्ग वेगळा करण्यात आला, विमानांमध्ये टक्करविरोधी यंत्रणा सक्तीची झाली आणि उंचीही दाखवणारे रडार दिल्लीत आले.

मुळशीच्या खोऱ्यांलगतचा खालचा थर मात्र या व्यवस्थेत वेगळा पडतो. मुंबई-पुणे मार्गावरची हेलिकॉप्टर अनेकदा डोळ्यांनी जमीन पाहत कमी उंचीवरून जातात. त्यांनाही उड्डाणाचा आराखडा द्यावा लागतो आणि हवाई संरक्षणाची मंजुरी घ्यावी लागते. पण अनियंत्रित आकाशात मिळते ती माहिती आणि संकटकाळी शोधाची सोय. डोंगर आणि ढग टाळण्याची जबाबदारी वैमानिकाचीच राहते. 2024 मध्ये मुळशी तालुक्यात दोन हेलिकॉप्टर कोसळली : 24 ऑगस्टला पौडजवळ आणि 2 ऑक्टोबरला बावधनजवळ. बावधनच्या अपघातात तिघांचा जीव गेला. उंचावरच्या विमानाला एका हातातून दुसऱ्या हातात सांभाळत नेणारी साखळी देशाने उभी केली आहे. सह्याद्रीच्या माथ्यालगत उडणाऱ्यांनाही घाटातल्या हवामानाची ताजी खबर आणि ठरलेले सुरक्षित मार्ग मिळायला हवेत.