कंपाउंडर, औषधनिर्माता आणि डॉक्टर

सरकारी रुग्णालयात औषधांच्या खिडकीमागे बसणाऱ्या माणसाला जुने पुणेकर ‘कंपाउंडर’ म्हणत. सरकारदप्तरी तो ‘औषधनिर्माण अधिकारी’ आहे. दोन्ही नावांत औषध तयार करण्याचा उल्लेख आहे. आज मात्र त्याचे मुख्य काम कारखान्यातून आलेल्या गोळ्या मोजून देण्याचे आहे. डॉक्टर आणि औषधनिर्माता एकमेकांपासून कसे दुरावले, हे या अंतरातून कळते.

ससून रुग्णालय १८६७ साली सुरू झाले. तो मिश्रणांचा काळ होता. डॉक्टर चिठ्ठीवर घटक आणि त्यांचे प्रमाण लिहून देत, कंपाउंडर ते मोजून, मिसळून बाटलीत भरी आणि डोसाच्या खुणांची कागदी पट्टी बाटलीवर चिकटवी. मिश्रण हाताने करायचे असल्यामुळे चिठ्ठीतला प्रत्येक घटक त्याच्या नजरेखालून जाई. १९४८च्या फार्मसी कायद्याने या व्यवसायाला नोंदणी आणि प्रतिष्ठा दिली. पण पुढच्या काही दशकांत मिसळण्याचे काम कारखान्यांकडे गेले. उरले ते वाटप.

ही केवळ व्यावसायिक मानापमानाची गोष्ट नाही. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून ते रोज घेतले गेले, तर अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणे मंदावते आणि रुग्ण दगावू शकतो. मूत्रपिंड अशक्त असेल तर अमिकासिनची मात्रा बदलावी लागते. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात लिहिलेली चिठ्ठी रुग्णाच्या हाती औषध पडण्यापूर्वी शेवटची पाहणारा जाणकार असतो तो औषधनिर्माता. त्याला शंका आली तर ती डॉक्टरांपर्यंत पोचणार कशी, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे एक उत्तर सरकारी व्यवस्थेतच सापडते. १ एप्रिल २००४ पासून देशात एचआयव्हीबाधितांना मोफत औषधे देणारी एआरटी केंद्रे सुरू झाली. ससूनमध्येही असे केंद्र आहे. या केंद्रांच्या रचनेत डॉक्टर, समुपदेशक, परिचारिका आणि औषधनिर्माता एकाच चमूत धरलेले आहेत. रुग्ण पुढच्या भेटीला औषधाची बाटली परत आणतो आणि उरलेल्या गोळ्या मोजल्या जातात. समजा, रोज एक याप्रमाणे ३० गोळ्या दिल्या आणि रुग्ण २८ दिवसांनी आला. तर दोन उरायला हव्यात. सहा उरल्या, तर चार दिवस चुकले आणि नियमितता ८६ टक्क्यांच्या आसपास आली. अपेक्षा ९५ टक्क्यांची असते. हा आकडा समुपदेशक आणि डॉक्टर यांच्यापर्यंत जातो. त्यामुळे विषाणू आटोक्यात का येत नाही, हे ठरवताना औषध निकामी झाले की घेतलेच गेले नाही, याचा उलगडा होऊ लागतो.

क्षयरोग जडला तर हे सहकार्य आणखी मोलाचे ठरते. रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्राव्हिर शरीरातून लवकर बाहेर टाकले जाते. म्हणून त्याची ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी बारा तासांनी द्यावी लागते. ती लिहायची राहिली, तर खिडकीवर लक्षात येऊ शकते. मात्र ते बोलण्याची मुभा आणि ऐकणारा माणूस, दोन्ही हवेत.

कायद्याने ही मुभा दिलेली आहे. २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी चिठ्ठी तपासणे आणि रुग्णाला समजावून सांगणे हे औषधनिर्मात्याचे काम मानले आहे. २००८मध्ये सुरू झालेल्या सहा वर्षांच्या फार्म.डी. अभ्यासक्रमात विद्यार्थी अखेरचे वर्ष रुग्णालयात घालवतात. निदान आणि अंतिम निर्णय डॉक्टरांचाच राहतो, हेही स्पष्ट आहे.

तेव्हा कमतरता ज्ञानाची कमी आणि वाटेची अधिक आहे. वॉर्डातल्या फेरीत औषधनिर्माता सोबत असणे, केसपेपरवर त्याची शंका लिहायला जागा असणे, तिला त्याच दिवशी उत्तर मिळणे, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. एआरटी केंद्रात उरलेल्या गोळ्या डॉक्टरांना काहीतरी सांगतात. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या कितीतरी रुग्णांच्या उरलेल्या गोळ्या मात्र घरच्या डब्यात पडून राहतात, आणि पुढच्या भेटीत तोच डोस वाढवून लिहिला जातो.