रक्त जखमेतून जाते, उपाशी यकृत राहते

धावडा हे भोकरदन तालुक्यातील, अजिंठ्याच्या डोंगराकडचे गाव. आपली माणसे येथे शेतात, मळणी यंत्रावर, विहिरीच्या कामावर राबतात आणि मोटारसायकलवरून बाजारहाट करतात. अशा जीवनात अपघात कधी गाठील याचा नेम नसतो. अपघात झाला की हाड मोडले का, डोक्याला मार लागला का, हे आपण पाहतो. परंतु खूप रक्त गेल्यास शरीरातील एका महत्त्वाच्या अवयवाची उपासमार सुरू होते, हे आपल्या ध्यानी येत नाही. तो अवयव म्हणजे यकृत, ज्याला दवाखान्यात लिव्हर म्हणतात.

यकृत काय करते?

उजव्या बरगड्यांच्या आड सुमारे दीड किलो वजनाचे यकृत असते. ते अन्नातील साखर साठवते, पित्त तयार करते, औषधे व विषारी द्रव्ये निकामी करते. रक्त गोठविणारे बहुतेक घटकही तेच बनवते. त्यासाठी दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त त्यातून वाहते. यातील तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येते. त्यातील काही प्राणवायू वाटेतच खर्च झालेला असतो. म्हणून रक्तपुरवठा घटला की यकृताला लवकर झळ बसते.

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. त्यातील दीड-दोन लिटर गेले की रक्तदाब कोसळतो. अशा वेळी शरीर मेंदू आणि हृदय वाचविण्यासाठी कातडी, आतडी व यकृत यांच्याकडचे रक्त कमी करते. घरात धान्य थोडे उरले की आई आपले ताट मागे सारते, तसाच हा प्रकार. हे फार वेळ चालले तर प्राणवायूअभावी यकृताच्या पेशी मरू लागतात. एरवी चाळीसच्या आसपास असणारे एसजीओटी, एसजीपीटी हे आकडे एक ते तीन दिवसांत हजारांवर जातात. रक्ताभिसरण वेळेवर सुधारले तर ते आठ-दहा दिवसांत बरेच खाली येतात. यकृताला पुन्हा भरून येण्याची शक्ती निसर्गाने दिली आहे. मात्र उशीर झाला तर रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, आणि रक्त थांबत नाही म्हणून यकृताचे हाल आणखी वाढतात. हे दुष्टचक्र जिवावर बेतते.

काही रुग्णांचे डोळे आठवड्याभरात पिवळे दिसतात. अंगात साकळलेले रक्त विरघळताना किंवा साठवणीतील रक्ताच्या अनेक पिशव्या दिल्यानंतरही असे होऊ शकते. जंतुसंसर्ग किंवा यकृताची इजा हेही कारण असू शकते. कारण कोणते हे तपासणीनेच कळते. अशा वेळी नाकात झाडपाल्याचा रस टाकणे, डाग देणे, गळ्यात माळ घालणे हे प्रकार करू नका. बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धिवादी धम्म दिला आहे. रुग्णाला परत दवाखान्यात न्या.

रक्त शुद्ध असावे

जुलै १९८२ मध्ये बंगळूर येथे ‘कुली’ चित्रपटाच्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन यांच्या पोटाला जबर मार लागला. नंतर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. सुमारे दोनशे दात्यांचे रक्त त्यांना द्यावे लागले. प्राण वाचले, परंतु त्यातील एका दात्याच्या रक्तातून हिपॅटायटिस बी हा रोग शरीरात शिरला. तो उघड झाला तब्बल अठरा वर्षांनी. तोवर यकृताचा ७५ टक्के भाग निकामी झाला होता. हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे.

त्या काळी पोटासाठी रक्त विकणारे गरीब लोकही होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार १ जानेवारी १९९८ पासून रक्तविक्री बंद झाली. आज परवानाधारक रक्तपेढीत हिपॅटायटिस बी व सी, एचआयव्ही, गुप्तरोग आणि मलेरिया यांची तपासणी सक्तीची आहे. रक्त परवानाधारक पेढीचेच घ्या. बाळाला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत हिपॅटायटिस बीची लस द्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते.

अपघातस्थळी काय करावे?

जखमेवर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबून धरा. सारखे उचलून पाहू नका. हळद, राख, माती भरू नका. रुतलेली वस्तू उपसू नका. रुग्णाला आडवे ठेवून पांघरूण घाला, कारण अंग गार पडले की रक्त गोठत नाही. चहा-पाणी पाजू नका. शस्त्रक्रिया लागू शकते. १०८ क्रमांकावर फोन करा.

पोटाला हँडल किंवा बैलाचे शिंग लागले आणि बाहेर जखम दिसत नसली तरी गाफील राहू नका. आत यकृत फाटलेले असू शकते. घाम, फिकटपणा, जलद नाडी, उजव्या खांद्यात कळ, बेचैनी ही धोक्याची लक्षणे आहेत. भोकरदनहून पुढे जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जायला सांगितले, तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. प्रत्येक तास मोलाचा आहे.

पोलिसांच्या भीतीने मागे हटू नका. जखमीला प्रथम उपचार देणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले. मदत करणाऱ्यालाही २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने संरक्षण दिले आहे.

आपण एवढे करू या

दारूने आधीच खंगलेल्या यकृताला असा धक्का पेलवत नाही. म्हणून पंचशीलातील पाचवे शील हे अपघाताच्या दिवशीही आपले रक्षण करते.

आपले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर येथील दात्यांची नावे कोरलेली आहेत. दानाची ही परंपरा आपण रक्तदानाने पुढे नेऊ शकतो. अठरा ते पासष्ट वयाची, ४५ किलोच्या वर वजनाची निरोगी व्यक्ती रक्त देऊ शकते. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा देता येते. रक्ताला गट असतो, जात नसते. येत्या १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला प्रत्येक विहारात रक्तगटांची वही तयार करावी. रात्री-अपरात्री गावातला कोणी जखमी झाला तर ती वही कामी येईल. जयभीम!