खालच्या गावाची घागर

भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून आपली पंचगंगा होते. ती कोल्हापूरवरून पुढे जाऊन नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते.

या नदीत आपण जनावरे धुतो, निर्माल्य टाकतो, गटार सोडतो. म्हणतो, पाणी घेऊन जाईल. पण नेते कुठे? खालच्या गावाच्या घागरीत! २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. माणसे दगावली. अशी कावीळ घाण पाण्यातून पसरते.

मग आपण काय करावे? कोल्हापुरात पुष्कळ लोक गणपती काहिलीतल्या पाण्यात विसर्जन करतात. आपणही करू. निर्माल्य खड्ड्यात पुरू, त्याचे खत होईल. म्हशी घरीच धुऊ, ते पाणी परसातल्या केळीला सोडू. वरच्या गावाने असेच वागावे, असे आपल्याला वाटतेच ना?